विरजण न लागण्याचं कारण

वहिनी, आधी माफी मागतो. तुमच्याबद्दल लिहिण्याचा हक्क खरं तर दादाचा, किंवा पांढुर्ण्याला राहणाऱ्या तुमच्या आईचा. मी धाकटा दीर. त्यातही जे लिहायचं आहे ते बाईच्या शरीराबद्दलचं आहे, आणि लिहिणारा मी, ज्याच्या घरात त्याच्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. शब्द चुकले तर तुम्ही हसून सोडून दिले असते. वाचणारे सोडतील की नाही, सांगता येत नाही. दादाला विचारलं. तो गोठ्यात होता. बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला आणि मग म्हणाला, "लिही. नाव नको टाकू तिचं." म्हणून नाव टाकत नाही. तसंही तुम्हाला नावानं हाक मी कधी मारलीच नव्हती.

तेरवी झाली, पाहुणे गेले. मंडपवाल्यानं बांबू नेले, त्यांचे खड्डे अंगणात राहिले आहेत, ते बुजवायचं कुणाच्या मनात येत नाही. मला रडू येत नाही वहिनी, झोप येते. जेवता जेवता येते, रामाकोन्याच्या फाट्यावर उभ्या उभ्या येते. जागा झालो की थकवा तसाच असतो. आतल्या खोलीत तुमची मुलगी रडते, आई उठते, दूध कोमट करते, आणि पुन्हा सगळं शांत होतं. दादा वावरात जातो आणि काम न करताच परत येतो. संत्र्याचा तोडा अर्धवट राहिला आहे.

तुम्ही मुलीला जन्म दिलात आणि दुसऱ्या दिवशी गेलात. रक्त थांबलं नाही. मोठ्या दवाखान्याकडे नेताना वाटेतच. त्याबद्दल मी जास्त लिहू शकत नाही, मी तिथे नव्हतो. तुम्हाला शेवटचं पाहिलंही नाही. मला लिहायचं आहे ते आपल्या दोघांच्या भांडणाबद्दल, जे संपलं नाही.

तुम्हाला आयुष्याकडून फार काही नको होतं, असं मी म्हणणार नाही. तुम्हाला पुष्कळ काही हवं होतं. शिलाई मशीन हवी होती, नागपूरचा मोठा बाजार पाहायचा होता, न्हाणीला दार हवं होतं आणि ते तुम्ही करवून घेतलंच. पण सगळ्यात जास्त तुम्हाला एक वाक्य हवं होतं, आणि ते माझ्या आईच्या तोंडून हवं होतं. पहिल्या खेपेला सहाव्या महिन्यातच बाळंतपण झालं, मूल गेलं. दुसरंही तसंच. दुसऱ्या वेळी आई शेजारणीला म्हणाली, "पोरगी चांगली हाये वं, पण कुठंतरी खोट हाये." तुम्ही आत पोळ्या लाटत होतात. लाटणं थांबलं नाही, हे मी पाहिलं होतं. त्यानंतर तुम्हाला एकच ऐकायचं होतं, की तुमच्यात खोट नाही.

आई वाईट नाही, हे मला तुम्हीच सांगायचात. तिला तिच्या सासूनं जे शिकवलं तेच तिनं तुम्हाला शिकवलं. पाळी संपली की कडुनिंबाचा पाला उकळायचा, त्यात तुरटी फिरवायची आणि त्या पाण्यानं आतून स्वच्छ करायचं. काही तक्रार झाली की पुन्हा तेच, जरा जास्त तुरटी घालून. दोन मुलं गेल्यावर तर आईनं ते पाणी रोजचंच केलं. तिच्या लेखी ती माया होती.

आपलं बोलणं सुरू झालं ते सौंसरच्या बसस्टँडवर. मी दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो होतो, दादा तोड्यात अडकला होता, म्हणून तुम्हाला डॉक्टरबाईंकडे घेऊन मी गेलो. परत येताना बस लागलेली होती पण ड्रायव्हर चहाला गेला होता. तुम्ही पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलंत आणि एकदम विचारलंत.

"भाऊजी, तुमी जंतूचंच शिकून राहिले ना?"

"हो."

"मंग मले सांगा. ह्या गोळ्या खाल्ल्या का आठ-पंधरा दिवस बरं वाटते. मंग पुन्हा तेच. पांढरं जाते, वास येते. काहून?"

मी बसच्या टायरकडे पाहत बोललो. तुमच्याकडे पाहण्याची हिंमत नव्हती. सांगितलं, की तिथं चांगले जंतू राहतात, ते आंबटपणा तयार करतात, आणि त्या आंबटपणात बाकीच्या जंतूंना जोर धरता येत नाही. चांगले कमी झाले की बाकीचे वाढतात. गोळी वाढलेल्यांना मारते, पण चांगले परत वस्तीला आले नाहीत तर पुन्हा तेच होतं. आणि आतून धुतल्यानं चांगलेही वाहून जातात, डॉक्टरबाईही तेच म्हणाल्या.

"आंबट मतलब दह्यावानी?"

"दह्यातल्या जंतूचे चुलतभाऊच समजा."

तुम्ही इतक्या मोठ्यानं हसलात की चणे विकणारा वळून पाहायला लागला. "घ्या बाप्पा! मले वाटे भावकी फक्त वावराच्या धुऱ्या-बांधावरच भांडते!"

मग टायरकडे पाहणं मला सोडावं लागलं. तुम्ही ती लाज अशी मोडलीत. कॉलेजात अजूनही हा विषय निघाला की आमच्यातले अर्धे मुलगे खाली पाहतात. मी पाहत नाही. त्यासाठी तुमचे आभार मानायचे राहून गेले.

त्या हिवाळ्यात तुम्ही जे केलंत ते आठवलं की आजही हसू येतं, आणि हसू आलं की लगेच थकायला होतं. कापूस वेचायला येणाऱ्या सगळ्या बायांना तुम्ही ताक पाजायला लागलात. चुलतभाऊ हा शब्द मीच वापरला होता, आणि तुम्ही तो धरून बसलात. दादानं फोनवर सांगितलं, "तुया वहिनीनं वावरात ताकाचा दवाखाना खोलला." मी घाबरून तुम्हाला फोन केला. म्हटलं, ताक प्यायल्यानं नुकसान नाही, पण दह्यातले जंतू तिथं जाऊन राहत नाहीत. ते वेगळे आहेत.

"पण भावकीतलेच हायेत ना? भावकी कामात येतेच."

"भावकी नेहमी कामात येत नाई वहिनी."

"हे मात्र खरं बोलले तुमी." आणि मग, "पण बाया बोलाले लागल्या भाऊजी. ताक पेता पेता सांगतेत. साऱ्याईचं सारखंच हाये. मले वाटे मी एकलीच."

तुम्ही त्यांना आतून धुणं बंद करायला सांगितलंत, तीन-चारजणींना स्वतःबरोबर डॉक्टरबाईंकडे नेलंत. ताक मात्र बंद केलं नाहीत.

उन्हाळ्यात मी घरी आलो तेव्हा तुम्हाला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. घरात सगळे हळू बोलत होते. आणि नेमकं त्याच दिवसांत दही लागेना. दूध रात्रभर ठेवलं तरी सकाळी तसंच पाणचट. आई पुन्हा त्याच गाडग्यातलं विरजण लावायची, पुन्हा तेच. आपल्याकडे दही बिघडलं की कुणाचा तरी हात लागला असं म्हणतात. पाळीच्या बाईनं विरजणाला शिवायचं नाही हे आहेच, पण तुम्हाला तर पाळीही नव्हती. तरी आईची नजर तुमच्याकडेच गेली. तुम्ही पोळीवर तूप वाढायला गेलात, तेव्हा तिनं तुमच्या हातातून वाटी घेतली, एवढंच.

त्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेत मी पहिल्यांदा जंतूंना लागणारे विषाणू पाहिले होते. म्हणजे ते दिसत नाहीत, त्यांनी केलेलं दिसतं. काचेच्या बशीत जंतू धुरकट थरासारखे पसरतात, आणि जिथं विषाणू शिरतो तिथं थरात गोल, स्वच्छ ठिपके पडतात. मी मोबाईलवर फोटो दाखवला. तुम्ही बोटांनी मोठा करून पाहिलात.

"वावरात मर लागली का असंच टक्कल पडते."

तसंच, मी म्हणालो. हे विषाणू माणसाला काही करत नाहीत, फक्त जंतूंना लागतात. काही लगेच मारतात. काही जंतूच्या आत शिरून झोपून राहतात, त्याच्याबरोबर वाढतात, आणि जंतूवर काही ताण आला की जागे होतात. दह्याच्या कारखान्यांत याच विषाणूंमुळे विरजण लागत नाही. आपल्या गाडग्यात तेच झालं असेल असं मी छातीठोक सांगू शकत नव्हतो. पण गाडगं उकळत्या पाण्यानं धुवा आणि दुसऱ्या घरचं विरजण आणा, असं मी म्हटलं. तुम्ही बोरगावच्या तुमच्या मैत्रिणीकडून आणलंत. दही लागलं. तुम्ही ते ताट धरावं तसं दोन्ही हातांत धरून आईसमोर नेलंत.

"पाहा आई. भाऊजी म्हणतेत विरजणाले रोग लागते."

"विरजणाले रोग?" आई म्हणाली. "जाय मंग, विरजणाले सौंसरले घेऊन जाय डॉक्टरकडं. नंबर लावजो सकाळीच."

त्या दिवशी आईही हसली होती. मला वाटलं, आता सोपं होईल.

दुपारी तुम्ही मला न्हाणीजवळ बोलावलंत. आईनं तुरटीचं पाणी अजून बंद केलं नव्हतं, वाटी तुमच्या हातात होती. तुम्ही म्हणालात, की डॉक्टरबाईंनी सांगितल्यापासून तुम्ही हे पाणी आत नेता, कडी लावता आणि फरशीवर ओतता. आईला वाईट वाटू नये म्हणून. "फरशी पाहा कशी चकाचक झाली. तुरटीचा उपेग हाये, फक्त जागा चुकली होती आमची." आणि मग आवाज खाली आणून तुम्ही खरं विचारलंत.

"ते झोपलेले विषाणू, जे जागे होतेत. ते बाईच्या चांगल्या जंतूतही असतेत का?"

"असतेत. बऱ्याचजणींत असतेत."

"मंग माह्यातले चांगले जंतू त्यायनंच मारले असन. म्हणून पोरं गेले असन."

मी सांगितलं ते सांगतो. चांगले जंतू एकाएकी का ढासळतात, आणि गोळ्या खाऊनही तक्रार परत का येते, यामागे हे विषाणू असावेत असा काही शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. चांगले जंतू कमी झालेल्या बायकांत लवकर बाळंत होण्याचा धोका जास्त दिसतो, पण त्यातल्याही पुष्कळजणी पूर्ण दिवसांच्या बाळंत होतात. तुमच्या बाबतीत काय झालं, हे कुणी तपासलेलं नाही. दुसरीही कारणं असू शकतात.

तुम्ही ते सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "आईले सांगून द्या."

"काय सांगू?"

"का तो विषाणूच होता. नाव सांगा त्याचं काही मोठं. तुमी शिकलेले हा, तुमचं आयकतेत त्या. विरजणाचं आयकलं ना? तसंच हेही. सांगा का सुनेत खोट नव्हती, विषाणूत होती."

"पण मले माहीत नाई वहिनी. पक्कं माहीत नसताना कसं सांगू?"

"आईले कुठं पक्कं माहीत हाये?" तुम्ही म्हणालात. "तरी म्हणतेतच ना."

वाटीतलं पाणी तुम्ही तिथंच माझ्यासमोर ओतलंत आणि आत गेलात.

मी आईशी बोललो, तुम्हाला कळलं नसेल. तुम्ही संध्याकाळी देवळात गेला होतात तेव्हा. मी म्हटलं, आई, पोरं जाण्याची कारणं बरीच असतात, वहिनीचा त्यात दोष नाही. आई भाकर थापत होती. "बरीच मतलब कोणती?" मी जंतूंबद्दल बोललो, विषाणूंबद्दल बोललो, असू शकते, असावं, अजून नक्की नाही, असं बोलत राहिलो. तिनं भाकर तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "मतलब तुलेही माहीत नाई," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात गरम भाकर वाढली.

मी तुमच्या म्हणण्याप्रमाणे खोटं बोलायला हवं होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही. आमच्या मॅडम म्हणतात, माहीत नाही हे म्हणता येणं हेच पहिलं शिक्षण. मला ते पटतं. पण मॅडमच्या घरी वाटी कुणी हातातून घेत नाही. आणि जे माहीत नाही ते बाईच्या माथी मारायचं, ही रीत कुणी कुणाला शिकवावी लागत नाही, ती आपोआप चालते. तिच्यासमोर माझं 'असू शकते' फार अशक्त पडलं.

त्यानंतर तुम्ही तो विषय काढला नाहीत. फोन केला की फक्त महिना सांगायचात. "सहावा लागला." त्या महिन्यात मी रोज सकाळी घाबरत उठायचो. मग "सातवा." तुमच्या आवाजात आनंद नव्हता, जपून पाय टाकणाऱ्या माणसाचा आवाज होता तो. आईनं ओटीभरण केलं नाही, कुणाची नजर नको म्हणून, पण दादा सांगत होता की ती तुम्हाला पाण्याची कळशी उचलू देत नाही आणि दह्याची वाटी स्वतः तुमच्यापुढे आणून ठेवते. तुरटीचं पाणी तिनं आपणहून बंद केलं. का, ते तिनं सांगितलं नाही. तुम्हीही विचारलं नसेल. "आठवा लागला," तुम्ही म्हणालात आणि पहिल्यांदाच जरा हसलात, "आता फरशी मळली हाये न्हाणीची."

माझी परीक्षा आणि तुमचे दिवस एकत्रच आले. दादाचा फोन आला, "पोरगी झाली. भरल्या दिवसाची. रडते का आगगाडी!" मी होस्टेलभर पेढे वाटले. मित्रांनी विचारलं, इतका काय खूश आहेस, काका तर सगळेच होतात. त्यांना काय सांगणार? तुम्हाला फोन लावला, लागला नाही. बाळंतीण झोपली असेल, म्हणून ठेवून दिला.

दुसऱ्या दिवसापासून दादाचा फोन बंद. शेजारच्या काकांना लावला तर म्हणाले, "सारं ठीक हाये, तू पेपर दे." आवाज बरोबर वाटला नाही. पण आपल्याकडे बाळंतपणाच्या घरात गडबड असतेच, असं स्वतःला समजावलं आणि अभ्यासाला बसलो. तुमची चिता जळत होती तेव्हा मी बहुतेक बशीतले ठिपके मोजत होतो. हे लिहायला हवं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. तुम्हाला ते कुणी सांगितलेलं नसणार, कारण ऐकायला तुम्ही नव्हतात.

शेवटचं प्रॅक्टिकल संपलं. मी बॅगेत ॲप्रन कोंबत होतो, आणि आईचा फोन आला. आई स्वतः कधी फोन लावत नाही, तिला नंबर लावता येत नाही. कुणाकडून तरी लावून घेतला होता. ती फोनवर नेहमी ओरडून बोलते, तशी ओरडली नाही.

"झालं का रे तुयं?"

"झालं आई. संपलं सारं आज."

"जेवला?"

"आई, दादाचा फोन काहून बंद हाये?"

मागे बाळ रडत होतं आणि कुणीतरी त्याला थोपटत होतं.

"तुयी वहिनी गेली बाबू," ती म्हणाली. "पोरगी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. मीनंच नाई म्हटलं तुले सांगाले. तिनं तुले पेपरातून उठवलं असतं का? नसतं उठवलं."

मी जिन्यावर बसलो. काय विचारलं ते आठवत नाही. आई बोलत राहिली.

"पोरगी चांगली हाये. पुऱ्या दिवसाची हाये. लोक येऊन येऊन पाहून राहिले. अन् आयक. तिले घाटावर नेलं ना, त्याच्या आधी मी बोलली. साऱ्या बायायपुढं बोलली, मोठ्यानं. म्हटलं, माह्या सुनेत काईच खोट नव्हती. कधीच नव्हती. तिनं आयकलं असन का रे? तू शिकला हा. सांग न. आयकलं असन का?"

मी हो म्हणालो.